हातानं दिलेली रायफल

लिओटा हॅस्किननं रायफल दिली ती कुणी मागितली म्हणून नव्हे, रीत म्हणून दिली. सगळा घोळ तिथंच झाला.

ऑक्टोबरातली गोष्ट. नवरा मर्ल गुरं घेऊन बाजाराला गेलेला, दिवस कलायला लागलेला, आणि कुणी एक अनोळखी बाप्या कुंपणाचा लोखंडी खांब घेऊन स्वयंपाकघराचं दार फोडत होता. कोण, कुठला, काय प्यायला होता, कशाचा पत्ता नाही. लिओटानं दोनदा ओरडून बजावलं. तिसऱ्या दणक्याला दार चौकटीतून सुटलं, तेव्हा तिनं बापाची जुनी रायफल खाली रोखून एकच गोळी झाडली. ती त्याच्या मांडीत लागली. मग त्याच माणसाच्या मांडीवर टॉवेल आवळून धरून ती पाऊण तास बसली, कारण शेरीफला यायला तेवढा वेळ लागतोच.

शेरीफ वेन ट्रॅस्क आला. लिओटानं हात पुसले, रायफलचा चापाखालचा दांडा खाली ओढून ती उघडली, काडतुसाचं रिकामं घर त्याला दाखवलं आणि उघडी रायफल त्याच्या हातात ठेवली. सहा वर्षांची होती तेव्हापासून बापानं शिकवलेलं, की बंदूक दुसऱ्याच्या हातात द्यायची ती उघडून द्यायची. पाहुण्याला पाण्याचा पेला द्यावा तितक्या सहज तिनं ती दिली. ट्रॅस्कनं घेतली, दांडा खट्कन मिटवला आणि आपल्या गाडीत नेऊन ठेवली.

तीन आठवड्यांत सरकारी वकिलानं लिहून दिलं, की बाईनं स्वतःचा जीव वाचवला, तिचा काही गुन्हा नाही. दार फोडणारा तुरुंगात गेला. रायफल मात्र शेरीफच्या कपाटात राहिली. ती जप्त केली असती तर सोडवायची काही रीत तरी होती. हिच्या कागदावर ‘स्वखुशीनं जमा’ असं लिहिलेलं. स्वखुशीनं दिलेलं परत कुणी कुणाला द्यायचं, हे काउंटीत कुणालाच ठाऊक नव्हतं. वकील म्हणे शेरीफला विचारा, शेरीफ म्हणे वकिलाला विचारा.

तसं पाहिलं तर घरात आणखी तीन बंदुका होत्या. बंदुकीवाचून काही अडलं नव्हतं. पण रायफल कपाटात तोवर फाइल उघडी, आणि फाइल उघडी तोवर शाळेची बस बंद. बावीस वर्षं लिओटा ती पिवळी बस चालवत होती. बर्फ असो, वादळ असो, एकाही पोराला तिनं मागं ठेवलं नव्हतं. आता शाळेतून गोड आवाजात सांगत, प्रकरण मिटू दे, मग बघू. फाइलीत तिच्या नावापुढच्या रकान्यात ‘संशयित’ असा शब्द होता. पेंडीच्या दुकानातली नवी मुलगी एकदा तिला म्हणाली, “तुम्हीच ना त्या?” लिओटानं पोतं उचललं आणि गाडीत टाकलं. घरी येईपर्यंत तिचे कान तापलेले होते.

मजा अशी, की बस चालवायला दुसरं माणूस मिळेना. त्या वाटेवरची पोरं आईबापांनाच पोचवावी लागत. त्यात शेरीफच्या दोन नातीही होत्या. ट्रॅस्क रोज सकाळी सव्वीस मैल जाऊन त्यांना शाळेत सोडत असे. हे कळल्यावर मर्ल दोन दिवस हसत होता.

फेब्रुवारी लागला आणि पाड्या व्यायला लागल्या. पहिलटकरणी साठ. त्यात मर्लला एका गाईनं फाटकाशी दाबलं आणि त्याचा उजवा खांदा निखळला. हात झोळीत बांधून तो गोठ्यात हिंडायचा आणि डाव्या हातानं सल्ले द्यायचा. ओढणं, उचलणं, वासरं पुसणं, सगळं लिओटाच्या अंगावर आलं. थंडी अशी, की वासराचे कान जन्मल्याबरोबर पुसले नाहीत तर गोठून झडायचे. तिच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या होत्या, आणि त्यांत ती गाईच्या सडांना लावायचं मलम भरायची.

अशात सोमवारी आमदारीण गिल्क्रिस्टबाईंचा फोन आला. राजधानीत, शायेनला, विधानसभेत नवा कायदा येतोय, म्हणाल्या. स्वसंरक्षणात बंदूक चालवली आणि निर्दोष ठरलं, तर बंदूक तीस दिवसांत परत द्यायची, फाइल बंद करायची आणि तसं लेखी पत्र द्यायचं. तुमच्यासारख्यांसाठीच आहे हे.

लिओटानं एका हातात दुधाची बाटली आणि दुसऱ्या हातात फोन धरून त्यांनी पाठवलेला तो कायदा वाचला. पहिल्यांदा वाचला तेव्हा तिला नाचावंसं वाटलं. दुसऱ्यांदा वाचला आणि ती बाटली वासराच्या तोंडात तशीच धरून थिजली.

“मर्ल, हे जप्त केलेल्या बंदुकांबद्दल आहे.”

“मग?”

“माझी कुठं जप्त केली? मी दिली.”

मर्लनं तिच्या हातातून फोन घेतला, नाकाजवळ धरून वाचला, परत दिला. “अगं, म्हणजे हा कायदा झाला तर सगळ्यांच्या सुटतील आणि तुझी एकटीची कपाटात राहील.”

तिनं तिथूनच गिल्क्रिस्टबाईंना फोन लावला. त्यांनी ते कलम काढून पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. गुरुवारी एक वाजता समितीपुढं या आणि हे स्वतः सांगा. माझ्यापेक्षा तुमचं ऐकतील. दोन मिनिटं मिळतात.

दोन मिनिटं. लिओटानं आयुष्यात चारचौघांत उभं राहून भाषण केलं नव्हतं. बसमध्ये आरशात बघून ‘खाली बसा’ एवढंच. मंगळवारी गवताच्या गंजीवर उभी राहून ती गुरांना भाषण देत होती आणि मर्ल खाली अंडी उकडायचं घड्याळ धरून उभा होता. पहिल्या खेपेला साडेचार मिनिटं झाली.

“तुझ्या बापानं रायफल कुठून आणली ते कशाला पाहिजे त्यात?” मर्ल म्हणाला. “आणि त्या माणसाची मांडी बांधली ते?”

“ते राहू दे. ते खरं आहे.”

“खरं सगळंच आहे. तुला दोन मिनिटंच आहेत.”

बुधवारी सकाळी ती पावणेतीन मिनिटांवर आली. दुपारी दोन मिनिटं पाच सेकंदांवर. एवढ्या आनंदात तिनं गवताचा एक भारा उलटा फेकला आणि तो मर्लच्या डोक्यावर पडला. बुधवारी रात्री तिनं चांगला कोट काढून ठेवला. गुरुवारी पहाटे निघायचं, तीनशे मैल, शेजारची बाई गोठ्यावर थांबायला येणार, असं सगळं ठरलं.

पहाटे चारला दार उघडलं तर पायऱ्या दिसत नव्हत्या. वारा उत्तरेचा, बर्फ आडवं. मर्लनं रेडिओ लावला. मोठा रस्ता फाटकं लावून बंद केला होता, शायेनकडं एक गाडी जाणार नव्हती. चांगला कोट अंगात घालून लिओटा स्वयंपाकघरात तशीच उभी राहिली. मर्लनं तिच्याकडं बघितलं आणि गिल्क्रिस्टबाईंना फोन केला. तासाभरानं उत्तर आलं, की घरूनच बोला, पडद्यावर. आज निम्मे लोक तसेच बोलणार आहेत.

घरातलं इंटरनेट मरतुकडं. गोठ्यातलं मात्र झकास होतं, कारण व्याणाऱ्या गाईंवर नजर ठेवायचा कॅमेरा त्यावर चालायचा. तेव्हा मर्लनं गोठ्याच्या कोपऱ्यातल्या औषधांच्या खोलीत, शेगडीजवळ, पेंडीच्या दोन पोत्यांवर लॅपटॉप मांडला. लिओटानं चांगला कोट तिथं खुंटीला लावला, वेळ झाली की घालायचा म्हणून.

अकराच्या सुमाराला घराच्या फाटकाशी हॉर्न वाजला. कुणाची तरी गाडी चरात गेली होती. बर्फातून एक माणूस वाकून चालत आला, टोपी काढली, तर शेरीफ ट्रॅस्क. तोही शायेनलाच निघाला होता. शेरीफ लोकांच्या संघटनेनं त्याला पाठवलं होतं, ह्याच कायद्याच्या विरोधात बोलायला. मोठ्या रस्त्याच्या फाटकापाशी त्याला परत फिरवलं आणि आतल्या रस्त्यानं येताना तो नेमका हॅस्किनांच्या दारात घसरला.

तो दारात उभा राहून बूट आपटत होता आणि त्याला वर बघवत नव्हतं. तो आणि मर्ल एका वर्गात शिकलेले.

“मला एक वाजता बोलायचंय,” तो म्हणाला. “पडद्यावर. इंटरनेट आहे का तुमच्याकडं?”

मर्लला एवढं हसू आलं की खांदा दुखून तो कळवळला. लिओटानं शेरीफकडं नीट बघितलं. हाच माणूस चार महिने आपल्या नजरेला नजर देत नव्हता.

“आहे की,” ती म्हणाली. “गोठ्यात. कॉफी घे आणि चल. तुझा नंबर माझ्यानंतर आहे.”

पाऊण वाजता कानात एकशेचौदा नंबरचा बिल्ला असलेली पाडी आडवी झाली. पुढचे दोन पाय दिसत होते, डोकं दिसत नव्हतं. लिओटानं बाह्या वर केल्या, हात धुतले, एक आत घातला. डोकं मागं वळलेलं होतं. अशी गाय अडली की घड्याळ बघायचं नसतं. खोलीचं दार सताड उघडं ठेवून मर्लनं लॅपटॉप गव्हाणीवर आणून ठेवला. पडद्यावर शायेनमधलं लांब टेबल, नऊ आमदार, मधोमध अध्यक्ष ओडेगार्ड, म्हातारा, चष्मा नाकावर.

“साखळ्या आण,” लिओटा म्हणाली, आणि मर्लच्या झोळीतल्या हाताकडं बघून तिनं मान वळवली. “वेन. कोट काढ.”

ट्रॅस्कनं कोट काढून तिच्या कोटाशेजारी टांगला. वासरू ओढायच्या साखळ्या उकळत्या पाण्यातून काढल्या. लहानपणापासून हे काम केलेला माणूस, त्याला सांगावं लागलं नाही. त्यानं वासराच्या दोन्ही पायांना घोट्याच्या वर फास घातले आणि गुडघ्यावर बसला.

“श्रीमती लिओटा हॅस्किन,” पडद्यावरून आवाज आला.

मर्लनं वाकून तोंड कॅमेऱ्यापुढं आणलं. “आहे, इथंच आहे. जरा हात गुंतलाय तिचा.”

लॅपटॉप वळवला. शायेनच्या टेबलावर सगळ्यांच्या माना एकदम पुढं आल्या. लिओटाचा गाल पाडीच्या पुठ्ठ्याला टेकलेला, हात खांद्यापर्यंत आत. पाठ केलेलं सगळं तिच्या डोक्यातून उडून गेलं. तिला भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

“अध्यक्षमहाराज, कायदा चांगला आहे तुमचा,” ती म्हणाली. “पण तो जप्त केलेल्या बंदुकीबद्दल आहे. माझी कुणी जप्त केली नाही. आमच्याकडं शेरीफ दारात आला की माणूस आपणहून बंदूक उघडून त्याच्या हातात देतो. मी तेच केलं. आता जो दडवून ठेवील, हिसकावून घ्यायला लावील, त्याला ती तीस दिवसांत मिळणार. आणि जो मुकाट देईल त्यानं किती वर्षं थांबायचं?” गाईनं कळ दिली, तिचा हात आत चेंगरला, ती दात आवळून थांबली. “बावीस वर्षं मी पोरं शाळेत पोचवली. आज मी संशयित आहे, कारण मी रीतीनं वागले. एवढंच त्यात घाला. जप्त केलेली किंवा हातानं दिलेली. थांबा. नाक सापडलं.”

तिनं जबड्यात बोटं अडकवली आणि डोकं हळूहळू वळवून पुढं आणलं. शायेनमध्ये घंटी वाजली. तिची दोन मिनिटं संपली होती.

“शेरीफ संघटनेतर्फे श्री. ट्रॅस्क, विरोधात,” अध्यक्ष म्हणाले. “आपण कुठून बोलताय?”

“त्याच गाईमागून, साहेब,” ट्रॅस्क म्हणाला.

कुणीतरी मोठ्यांदा हसलं. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. ट्रॅस्कच्या दोन्ही मुठींत साखळ्या होत्या, पाय गाईच्या मागच्या खांबाला रेटलेले, कपाळावर घाम.

“संघटनेचं म्हणणं कागदावर आहे,” तो म्हणाला. “कागद कोटात आहे आणि कोट खुंटीला आहे. हात सोडला तर वासरू जाईल. तेव्हा आता मला माझंच सांगावं लागणार.” त्यानं मान खाली घातली. “मी हिच्याकडं बंदूक मागितली नव्हती. तिनं दिली, मी घेतली. त्याच दिवशी परत द्यायला हवी होती. वकील म्हणाला ठेव, मी ठेवली. परत केली आणि उद्या काही वाकडं झालं तर माझं नाव येईल, म्हणून ठेवली. भीतीनं, दुसरं काही नाही.”

लिओटा हात आत ठेवून त्याच्याकडं बघत राहिली. चार महिने ज्या वाक्याची तिनं वाट बघितली ते हेच होतं, आणि ते त्यानं सगळ्या राज्याच्या कानांवर घातलं होतं.

“मग आपला विरोध आहे की नाही?” अध्यक्षांनी विचारलं.

“संघटनेचा आहे. माझा...” पाडीनं मोठी कळ दिली. “लिओटा, आता.”

दोघांनी ओढलं. खाली, मग खाली आणि मागं, गाईच्या कळेबरोबर, कळ थांबली की थांबून. डोकं आलं, निळी जीभ बाहेर. खांदे अडले. ट्रॅस्क जवळजवळ आडवा पडला. मग सगळं एकदम सुटलं आणि वासरू त्याच्या मांडीवर आलं, गरम, बुळबुळीत, आणि अगदी निपचित.

लिओटानं त्याच्या नाकातोंडातला चिकटा बोटांनी काढला, गवताची काडी नाकपुडीत फिरवली, पोत्यानं बरगड्या रगडल्या. शायेनमध्ये नऊ आमदार आपलं काम सोडून बघत होते. घंटी कुणी वाजवली नाही. मर्ल पुटपुटत होता, चल रे, चल रे माझ्या राजा. वासरानं शिंक दिली. मग दुसरी. मग डोकं उचलून त्यानं शेरीफच्या शर्टाला तोंड लावलं. पडद्यावरून टाळ्यांचा आवाज आला आणि लिओटा गवतात बसून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी वाहत असतानाच.

“साहेब,” ट्रॅस्क धापा टाकत म्हणाला, “हातानं दिलेली, एवढं घाला. रायफल मी स्वतः नेऊन देतो.”

मतदान नावं पुकारून सुरू झालं. एक हो, एक नाही. दोन हो. तीन-दोन. चार-तीन. आणि चित्र थिजलं. अध्यक्षांचं तोंड अर्धवट उघडं राहिलं.

“छपरावरच्या इंटरनेटच्या थाळीत बर्फ साचलं,” मर्ल ओरडला आणि एका हातानंच शिडीकडं धावला.

ट्रॅस्कनं त्याला बाजूला सारलं. ओला शर्ट, कोट नाही, असा तो झाडू घेऊन छपरावर चढला. वाऱ्यानं शिडी हलत होती. लिओटानं ती दोन्ही हातांनी धरली आणि वर बघत राहिली. विरोध करायला निघालेला माणूस आपल्याला मतदान दिसावं म्हणून छप्पर झाडतोय, हे तिला स्वप्नातही सुचलं नसतं.

चित्र परत आलं तेव्हा समोर कालव्याच्या पाण्यावर चर्चा चालू होती. तिघंही पडद्यापुढं उभी राहिली. कुणाला काही विचारता येईना. शेगडीजवळ ट्रॅस्कच्या शर्टातून वाफा निघत होत्या. मग मर्लच्या खिशात फोन वाजला. गिल्क्रिस्टबाई होत्या. सहा विरुद्ध तीन. आणि ते शब्द घालून.

मर्लनं झोळीतला हात विसरून तो वर केला आणि किंचाळला. लिओटानं दोन्ही घाणेरडे हात शेरीफच्या गळ्यात टाकले. मग तिलाच ओशाळल्यासारखं झालं आणि ती वासराला पुसायला बसली.

रस्ता दोन दिवस बंद होता. ट्रॅस्क हॅस्किनांकडंच राहिला, राजम्याचा तिखट रस्सा आणि दालचिनीचे रोल खाल्ले आणि नऊ वासरं ओढली. पुढं दोन्ही सभागृहं झाली, राज्यपालाची सही झाली. प्रत्येक खेपेला लिओटा पडद्यापुढं नखं खात बसायची आणि मर्ल छपराशी झाडू घेऊन उभा राहायचा, बर्फ वितळून गेलं होतं तरीही.

कायदा पहिल्या जुलैपासून लागू होणार होता. पहिल्या जुलैला सकाळी आठला, गवताची कापणी चालू असताना, फाटकातून शेरीफची गाडी आत आली. लिओटा ट्रॅक्टरवरून उतरली, हात पँटला पुसले. ट्रॅस्कनं आधी एक पत्र दिलं. त्यात फाइल बंद झाल्याचं लिहिलं होतं आणि तिच्या नावापुढच्या रकान्यात ‘मालक’ असा शब्द होता. तिनं तो दोनदा वाचला.

मग त्यानं मागच्या सीटवरून रायफल काढली. दांड्याला दोऱ्यानं बांधलेली पिवळी चिठ्ठी होती. त्यानं खिशातला चाकू काढून ती कापली आणि चुरगाळून खिशात टाकली. रायफलला ताज्या तेलाचा वास येत होता. ती त्यानं घरी नेऊन पुसली असणार. त्यानं एकदा तिच्याकडं बघून दांडा खाली ओढला, काडतुसाचं रिकामं घर तिच्यापुढं धरलं, आणि उघडी रायफल दोन्ही हातांवर आडवी ठेवून तिच्यापुढं केली.

लिओटानं आत बघितलं, मग त्याच्या तोंडाकडं. रायफल घेतली आणि दांडा स्वतःच्या हातानं मिटवला.

“ऑगस्टच्या अठ्ठावीसला शाळा उघडते,” ती म्हणाली. “तुझ्या नातींना सव्वासातला फाट्यावर उभं कर. मी थांबायची नाही.”

“थांबली होतीस कधी?” ट्रॅस्क म्हणाला, आणि कॉफीसाठी तिच्या मागोमाग घराकडं निघाला.